नळाची वेळ बदलली, ग्रुपवर बोलले, आता घरातलेच म्हणतात माफी माग

पत्र बरंच लांब होतं, कामाचं तेवढं देते.

"ताई, आम्ही इंदौरपासून तासाभरावर एका छोट्या गावात राहतो. नगर परिषद आहे, पंधरा वार्ड. आमच्याकडे एक दिवसाआड सकाळी साडेसहाला नळ यायचे, पाऊण तास. महिन्याभरापूर्वी कचरा गाडीच्या भोंग्यावर सांगून गेले की आता अकरा वाजता येणार. मी शाळेत असते, हे इंदौरला अप-डाउन करतात, मुलगी कॉलेजला. घरात फक्त सासूबाई, वय 78, गुडघे गेलेले, त्या एकट्या पाइप ओढत हौद भरतात. परवा अंगणात घसरल्या, थोडक्यात वाचल्या. मी वार्डाच्या ग्रुपवर लिहिलं की हा टाइम कोणाला विचारून बदलला, पार्षद (आमच्या नगरसेविका) झोपल्यात का. अर्ध्या तासात पार्षदपतींचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, ह्यांना फोन. आता हे म्हणतात माफी माग, मेसेज डिलीट कर, आपला वरच्या मजल्याचा नक्शा मंजुरीत अडकलाय, आणि अख्ख्या गावात आपली मराठी चार घरं, कशाला डोळ्यावर यायचं. काय करू? सरळ 181 ला, सीएम हेल्पलाइनवर, तक्रार टाकू का?
– चिडलेली सून"

माफी मागू नका. मेसेज डिलीटही करू नका, स्क्रीनशॉट तर केव्हाच फिरलेला असणार आणि छोट्या गावात मेसेज डिलीट करणं म्हणजे अजून दोन दिवस चर्चेला विषय देणं. प्रश्न तुम्ही बरोबरच विचारलात. फक्त ते "झोपल्यात का" नको होतं हो, तेवढ्यामुळे पाण्याची वेळ राहिली बाजूला आणि विषय झाला तुमच्या बोलण्याचा, पार्षदपतींना तर आयतंच मिळालं. आता ग्रुपवर या विषयावर खुलासा नको आणि टोमणा तर अजिबातच नको. वेळ ग्रुपवर ठरली नव्हती, ग्रुपवर बदलणारही नाही.

सगळ्यात आधी सासूबाईंचं बघा, कारण नगर परिषदेचं जे व्हायचं ते महिना दोन महिने घेणारच आणि तोपर्यंत त्या माउली दर वेळी पाइप ओढणार का? हौदात जो नळ येतो त्याला प्लंबरकडून बॉलकॉक बसवून घ्या. सकाळी शाळेत जाताना नळ उघडाच ठेवून जायचं, पाणी आलं की हौद भरतो, भरला की आपोआप बंद. हौद जमिनीत असेल तर फारच छान, प्रेशर कमी असलं तरी त्यात पाणी उतरतं. नळ हौदापासून लांब असेल तर एकदाच पक्की लाइन टाकून घ्या, चार पैसे जातील पण हाड मोडलं तर खर्च किती ते तुम्हाला माहीत आहे. सासूबाईंनी फार तर प्यायची कळशी भरावी, बाकी हात लावू नये. आणि हे त्यांना तुम्ही सांगू नका, मुलाला सांगू द्या, सुनेने सांगितलं की आमच्या पिढीच्या सासवा मुद्दाम पाइप उचलतात.

एक विचारू? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत पण तुमच्याकडे टुल्लू, म्हणजे पाणी ओढायची छोटी मोटर, आहे का, सरळ लाइनवर लावलेला? असेल तर पार्षदाकडे जायच्या आधी काढा. हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर लावा की, त्याला कोण नाही म्हणतंय, पण सरकारी लाइनवर मोटर लावली की पुढच्या चार घरांचं पाणी तुमच्याकडे ओढलं जातं. त्याहून वाईट म्हणजे लाइनमध्ये प्रेशर नसताना मोटर ओढते तेव्हा पाइप कुठे फुटका असेल तर शेजारच्या नालीतलं पाणीसुद्धा आत खेचलं जातं आणि मग गावभर पोट बिघडतात. तुमच्याकडे टुल्लू असेल तर पार्षदपती पहिलं वाक्य तेच बोलतील आणि तुमची बोलती तिथेच बंद.

आता वेळ का बदलली. हे तुम्हाला माहीत नाहीये, ग्रुपलाही माहीत नाहीये, ग्रुपवर फक्त एवढंच ठरलंय की अध्यक्षांच्या कॉलनीला सकाळचं पाणी दिलं. असेलही. असं होतं, मी नाही म्हणत नाही. पण छोट्या गावाचं पाणी कसं चालतं ते जरा बघा, नदीवरून किंवा बोअरवरून पंपाने पाणी टंकीत चढतं, टंकी भरायला तासन् तास लागतात, आणि एका टंकीत सगळं गाव एका वेळी भागत नाही म्हणून गावाचे भाग पाडलेले असतात, एकाचा वॉल्व बंद करायचा मग दुसऱ्याचा उघडायचा. त्यात एक गोष्ट हलली की सगळ्यांच्या वेळा सरकतात. दोनातला एक पंप जळला, रात्रीची लाइट जायला लागली म्हणून टंकी पहाटेपर्यंत भरेना, नवीन कॉलनी जुन्याच लाइनवर जोडली, कुठे लाइन फुटली आणि रिपेअर होईपर्यंत पाणी फिरवून आणतायत. यातलं नेमकं काय झालंय ते कळल्याशिवाय भांडायला गेलात तर "मॅडम, टेक्निकल प्रॉब्लम आहे" एवढ्यावर परत याल.

आणि हे कळणार कुठे, तर वॉल्ववाल्याकडे. सीएमओ साहेब, म्हणजे नगर परिषदेचे मुख्य अधिकारी, नवे असतात, उपयंत्री, म्हणजे तिथले इंजिनिअर, दोन-दोन गावांचा चार्ज सांभाळतात, पण वॉल्ववाला तिथलाच. मोटरसायकलला ती लांब लोखंडी चावी बांधलेली असते ना, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण पायाने सरकवतो, चावी खाली सोडतो आणि न बघता फेरे मोजतो, कुठला वॉल्व किती फेऱ्यांनी उघडतो, कुठला अर्धाच ठेवायचा, कोणत्या गल्लीत शेवटच्या घराला पाणी कधी पोचतं हे सगळं त्याला पाठ, कागदावर कुठेच नाही. तो कामावर असताना अडवू नका, तेव्हा सगळेच ओरडत असतात त्याच्यावर. संध्याकाळी तुमच्या मिस्टरांनी चहाच्या टपरीवर गाठावं, भिया काय झालं, पहिले तर साडेसहाला यायचे. तो सांगेल. पण त्याचं नाव पुढे कुठेही घेऊ नका, अर्जात नाही, ग्रुपवर नाही, बोलण्यातही नाही. तो बहुतेक मस्टरवर, म्हणजे रोजंदारीवर असतो, त्याला काढायला एक फोन पुरतो.

आता ऐका, इथे तुम्हाला जरा आवडणार नाही असं बोलणार आहे. तुम्हाला साडेसहा परत हवेत. पण साडेसहा तुमचे झाले तर दुसऱ्या कोणाचे तरी अकरा होणार, टंकी तर तेवढीच आहे. त्या वार्डातही कोणाची तरी सासू असेलच. सकाळची वेळ सगळ्या गावाला हवी असते, ती ज्याला मिळते तो म्हणतो व्यवस्था छान आहे, ज्याला मिळत नाही तो म्हणतो राजकारण आहे. म्हणून "आमची जुनी वेळ परत द्या" हे मागणं सोडा, पाळी मागा. दर महिन्याला वेळा फिरवायच्या, या महिन्यात आमचा भाग अकराला तर पुढच्या महिन्यात दुसरा भाग, आणि महिन्याचा तक्ता नगर परिषदेच्या बाहेर आणि टंकीवर लावायचा. या मागणीला नाही म्हणायला त्यांना कारण शोधावं लागेल, आणि दुसऱ्या वार्डातले लोक तुमच्या विरोधात न जाता तुमच्याबरोबर येतील, निदान ज्यांना दुपारचं पाणी मिळतंय ते तर नक्कीच.

यात अजून एक घालता येतं. जो भाग लाइनवरचे टुल्लू काढेल त्याला सकाळची पाळी आधी. असं ठेवलं तर मोटरी निघतील, नुसत्या दंडाच्या नोटिशीने नाही निघत. आपल्या इंदौरात हे शंभर वर्षांपूर्वी झालंय. पॅट्रिक गेडीस म्हणून स्कॉटलंडचे नगररचनाकार होळकर दरबाराने बोलावले होते, 1918 मध्ये त्यांनी शहराचा अहवाल दिला. तेव्हा प्लेगची भीती होती आणि लोक घर-गल्ली साफ करेनात, तर या माणसाने दिवाळीत मोठी मिरवणूक जाहीर केली आणि सांगितलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, जिथली घरं सगळ्यात जास्त झाडून रंगवून दुरुस्त केलेली असतील तिथून जाईल. झालं, मोहल्ल्या-मोहल्ल्यात चढाओढ. मिरवणुकीत प्लेगचा उंदीरही होता म्हणे भला मोठा. आज आपण सात-आठ वर्षं स्वच्छतेत नंबर वन म्हणून मिरवतो पण ही गोष्ट इंदौरातल्या कितीतरी लोकांना ठाऊकच नसते, असो.

आता पार्षदांकडे जायचं. पार्षदांकडे म्हणतेय, पार्षदपतींकडे नाही. मध्य प्रदेशात नगरीय निकायात, म्हणजे नगर परिषद-नगर पालिकांत, निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, आणि निम्म्या गावांत फोन नवराच उचलतो हे आपण सगळेच बघतो. पण परिषदेच्या बैठकीत हजेरी तिची लागते, मत तिचं मोजतात, सही तिची चालते. पतींना कायद्यात काहीही जागा नाही, ना खुर्ची ना अधिकार, मग तुम्ही त्यांच्याशी का वाद घालताय? तिला भेटा. घरी जा, दुपारी, तुम्ही आणि गल्लीतल्या अजून तिघी-चौघी, त्यात एखादी तरी अशी जिच्या घरी तिचं येणं-जाणं आहे. संक्रांत, चैत्र जवळ असेल तर हळदीकुंकवाला बोलवा, मी गंमत करत नाहीये, हळदीकुंकवाला पती येत नाहीत आणि ती बाई कदाचित पहिल्यांदाच वार्डातल्या बायकांशी कोणी मधे न पडता बोलेल. तिथे आधी सांगा की ग्रुपवरचं ते वाक्य तुमच्यावर नव्हतं, मी वैतागले होते, सासूबाई पडता पडता वाचल्या. बस, एवढंच, प्रश्न विचारल्याची माफी नाही. मग कागद द्या.

कागद हिंदीत, एक पान, सीएमओच्या नावाने आणि प्रत पार्षदांना. घरात मराठी बोलतो म्हणून अर्ज हिंदीत लिहायचा कंटाळा करतो आपण, मग कोणाकडून तरी लिहून घेतो आणि तो "महोदय, सविनय निवेदन" मध्ये दीड पान घालवतो. तुम्ही शिक्षिका आहात, स्वतः लिहा. आधी वेळ काय होती, आता काय आहे, किती घरांत त्या वेळी कोणी नसतं, आणि मागणी काय, पाळी आणि तक्ता. खाली घरोघरच्या सह्या, घर नंबर सकट. सह्यांत पहिलं नाव तुमचं नको, तिसरं-चौथं असू द्या. तुमच्या मिस्टरांची जी भीती आहे ना चार घरांची, तिचं उत्तर हेच आहे, कागदावर पन्नास घरं दिसली की त्यातली मराठी कुठली हे कोण बघतंय. आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणतील. बसून राहा. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

पार्षदांना एक गोष्ट आठवण करून द्यायला हरकत नाही, गोड आवाजात. 2022 ला नगर परिषदेचे अध्यक्ष जनतेने नाही निवडले, पार्षदांनी निवडले. म्हणजे तुमच्या वार्डाच्या बाईंच्या मताला तिथे किंमत आहे, तिला वाटत नसली तरी. आणि मुदत पाच वर्षांची, म्हणजे 2027 काही लांब नाही.

मला दाट शंका आहे की वेळ बदलायचा ठरावच झालेला नाही. अशा गोष्टी बैठकीत येतच नाहीत, जल विभाग बघणारे सभापती उपयंत्र्याला तोंडी सांगतात, तो वॉल्ववाल्याला, आणि कचरा गाडीवर भोंगा. कागद नसतोच. हे सिद्ध करायचं तर माहितीचा अधिकार, 2005 चा कायदा. फी दहा रुपये, बीपीएल असेल तर तीही नाही, अर्ज नगर परिषदेच्या लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावाने, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. कशासाठी हवं ते सांगायची गरज नाही, विचारलं तरी सांगू नका. फक्त "वेळ का बदलली" असं लिहू नका, "का" विचारलं की लिहून देतात ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. असं मागा: अमुक वार्डाची पाणी सोडायची वेळ बदलण्याबाबतचा ठराव, आदेश आणि नोटशीटची प्रत, सगळ्या वार्डांच्या सध्याच्या वेळांचा तक्ता, आणि गेल्या तीन महिन्यांतला टंकी भरण्याचा किंवा पंप चालवण्याचा लॉगबुक बघण्याची परवानगी, कारण कागद डोळ्यांनी तपासायचाही हक्क याच कायद्यात आहे. कलम 4 मध्ये हेही लिहिलंय की ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयाची कारणं द्यायची, आपणहून. ही एक ओळ अर्जाच्या शेवटी टाका. उत्तर आलं "असा कोणताही ठराव उपलब्ध नाही", तर तुमचं अर्धं काम झालं, ठराव नाही तर जुनी वेळ बंद कोणी केली? तीस दिवसांत काहीच आलं नाही तर तिथेच प्रथम अपील करायचं, पुढच्या तीस दिवसांच्या आत.

181 चं. करा, पण आज नाही. आधी अर्ज द्या, पंधरा दिवस थांबा, मग 181 ला आवक नंबर सांगून तक्रार नोंदवा. आधीच टाकली तर ज्या पार्षदबाईंना तुम्ही आपल्या बाजूला घ्यायला निघालात त्यांनाच वरून फोन जाणार आणि पती परत तापणार. तक्रार आधी खालच्या अधिकाऱ्याकडे जाते, एल-1, त्याने सोडवली नाही की वर सरकते, एल-4 पर्यंत. म्हणून एल-1 वाल्याचा जीव तक्रार बंद करण्यात असतो, पाण्यात नाही. तुम्हाला फोन येईल, मॅडम काम झालंच आहे समजा, जरा "संतुष्ट" म्हणून टाका. म्हणू नका. गोड बोलतील, मग शेजाऱ्याकरवी निरोप येईल, मग कदाचित घरी येतील. त्यांना चहा द्या, चांगला द्या, आणि सांगा तक्ता लागला की त्याच दिवशी मी स्वतः बंद करते. तरी फोर्स क्लोज केली, म्हणजे तुम्ही हो न म्हणताच बंद केली, तर तो मेसेज जपून ठेवा आणि मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत अर्जाची प्रत, आरटीआयचं उत्तर आणि तो मेसेज तिन्ही एकत्र घेऊन जा. एकटीने नाही, तिघी-चौघी, शाळेला त्या दिवशी सुट्टी टाका.

तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांना घाबरट म्हणू नका, गाडी त्यांना रोज त्याच बस स्टँडवर लावायची असते, पार्षदपती तिथेच बसतात. पण नक्शाच्या बाबतीत त्यांचा गैरसमज आहे. बांधकामाची परवानगी आता ऑनलाइन सिस्टमवर जाते, पार्षदाच्या सहीने नक्शा पास होत नाही, कुठे अडकलाय ते तिथेच दिसतं. तुमच्या आर्किटेक्टला फाइल नंबरवर बघायला सांगा, बऱ्याचदा आपलाच एखादा कागद किंवा संपत्ती कराची पावती राहिलेली असते आणि आपण उगाच राजकारण समजून बसतो. पाण्याच्या अर्जात नक्शाचा शब्द येऊ देऊ नका आणि नक्शाच्या भानगडीत पाणी नको. आणि घरपट्टी, जलकर बाकी असेल तर आधी भरा, पावती पर्समध्ये.

त्यांना हेही सांगा की इंदौरला नर्मदेचं पाणी 1978 ला आलं पण त्यासाठी लोक 1970 ला रस्त्यावर उतरले होते, शेवटी जलूदहून सत्तर किलोमीटर पाणी घाट चढवून आणलं. एवढं करूनही आज इथे बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआडच नळ येतात बरं का, तुम्हाला वाटत असेल इंदौरवाल्यांची चैन आहे. आमच्याकडेही लोक अलार्म लावून उठतात.

तुम्ही ताजा कलम मध्ये विचारलंय की तो ग्रुप सोडून देऊ का. सोडू नका, म्यूट करा. नळाच्या वेळेचा पुढचा बदल झाला तर तो पहिला तिथेच कळेल, आणि तक्ता लागला की त्याचा फोटो टाकायला कोणीतरी लागेलच ना. फोटो पार्षदबाईंना टाकू द्या, तुम्ही खाली हात जोडलेला इमोजी टाका आणि बॉलकॉक तपासून या, नवीन बसवला की पहिल्या आठवड्यात हमखास अडकतो.